कौल मागणाऱ्याचा धर्म

आमच्या हायस्कुलाची सहल एक वर्षाआड गोव्याला जाते. बेळगावकडच्या शाळेने दुसरीकडे जायचे तरी कुठे? चोर्ल्याचा घाट उतरेपर्यंत निम्मी मुले ओकून मोकळी होतात आणि मग मंगेशी, जुना गोवा, पणजी असा तो ठरलेला फेरा होतो. मिरामारच्या किनाऱ्यावर मुले पाण्याकडे धावतात आणि आम्ही मास्तर मंडळी त्यांच्या चपलांची राखण करीत वाळूत बसतो. तिथेच भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे. गेल्या खेपेस नववीतला एक मुलगा, पोहण्यापेक्षा प्रश्न विचारण्याची हौस अधिक असलेला, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, हे कोण?"

मी म्हटले, "गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. गोवा महाराष्ट्रात जावा म्हणून यांनी पक्ष काढला होता."

"मग गेला?"

"नाही. लोकांचं मत घेतलं. लोक नको म्हणाले."

"मग ह्यांना काढून टाकलं?"

"नाही. परत निवडून दिलं."

तो थोडा वेळ समाधीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, ह्यांचं ऐकलं नाही, पण ह्यांनाच ठेवून घेतलं!" आणि पाण्याकडे पळाला. तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवूनही मला जे एका वाक्यात मांडता आले नसते ते त्याने मांडले होते. पण कौतुक करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. त्या सहलीच्या पंधरा दिवस आधी आमच्या शाळेत एक पालकसभा झाली होती. ती हकीकत पुढे येईल. आधी भाऊसाहेबांविषयी.

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात झाला. घराणे गोमंतक मराठा समाजातले. ज्या समाजाने गोव्याच्या देवळांना गाणे दिले, त्याला त्या देवळांनी मान मात्र दिला नाही. हा मनुष्य स्वतःच्या हिकमतीवर खाणमालक झाला, श्रीमंत झाला आणि श्रीमंतीत आपली माणसे विसरला नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. तीस जागांपैकी सोळा जागा मगोप आणि त्याचा मित्रपक्ष यांना मिळाल्या, बारा जागा डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला. ज्या काँग्रेसच्या सरकारने गोवा सोडवला तिला प्रत्यक्ष गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. ही निवडणूक स्वतः न लढवलेले भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले आणि नंतर पोटनिवडणुकीत निवडून आले.

पक्षाच्या नावातच मागणी होती. जानेवारी १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. विरोधकांचे म्हणणे असे की आमदार निवडणे वेगळे आणि आपली भूमी कोणत्या राज्यात जावी हे ठरवणे वेगळे. तेव्हा थेट जनतेला विचारा. दिल्लीत पुरुषोत्तम काकोडकरांसारख्या काँग्रेसच्या माणसाने त्यासाठी खटपट केली. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. सत्तेवर राहून तुम्ही कौल फिरवाल, हा विरोधकांचा आक्षेप होता. भाऊसाहेबांनी ३ डिसेंबर १९६६ रोजी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाची खूण फूल आणि वेगळ्या गोव्याची खूण दोन पाने. आपल्या सीमेवरच्या आणि कोकणातल्या देवळांत देवाच्या अंगावर कळ्या-पाकळ्या लावून कौल घेतात, उजवी पडली की डावी ते पाहतात. त्या दिवशी पाकळी डावी पडली. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते, विरुद्ध १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी भाऊसाहेबांची आयुष्याची मागणी लोकांनी परत केली.

आणि मग, बरोबर एकाहत्तर दिवसांनी, २८ मार्च १९६७ रोजी, त्याच लोकांनी विधानसभेसाठी मतदान केले. मगोपला सोळा जागा, युनायटेड गोवन्सना बारा. जणू मधे काही घडलेच नव्हते. ५ एप्रिलला भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९७२ मध्ये त्यांना अठरा जागा मिळाल्या आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्री असतानाच, ते वारले.

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, सीमासत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. जानेवारी १९६७ मध्ये माझा जन्म व्हायचा होता, पण त्या निकालाची बातमी रेडिओवर ऐकताना घरात कशी सामसूम झाली हे मी आईकडून अनेकदा ऐकले आहे. अप्पांनी भाऊसाहेबांना कधीच क्षमा केली नाही. हरल्याबद्दल नव्हे, हरल्यानंतर मुख्यमंत्री झाल्याबद्दल. "ज्या गोष्टीसाठी खुर्ची मागितली ती गोष्टच गेली, मग खुर्ची कशाची?" असे ते विचारीत. कोणी वाद घातलाच तर म्हणत, "वर मोडला म्हणून वऱ्हाडी काय जेवून जातात होय?" त्यावर बोलायची कोणाची छाती होत नसे. मीही बोललो नाही. अप्पा गेल्यावर मात्र त्यांच्याशी माझा हा वाद मनातल्या मनात सुरू झाला आणि तो अजून चालू आहे.

अप्पांचे म्हणणे वरवरचे नाही. सार्वजनिक माणसाचे मत आणि तो माणूस यांची फारकत करता येत नाही, असे त्यामागे गृहीत आहे. मी तुमच्यापुढे एक विचार घेऊन आलो. तुम्ही विचार नाकारलात म्हणजे मलाच नाकारलेत. यानंतर मी उरतो तो केवळ सत्तेची चटक लागलेला एक गृहस्थ. आज आपल्या आसपास जे चालते ते पाहिले की अप्पांचा हा सोवळेपणा मला हवासा वाटतो.

पण लोकांनी खरोखर काय नाकारले आणि काय स्वीकारले, हे नीट पाहिले पाहिजे. गोव्यातल्या कुळाला, मुंडकाराला, देवळाच्या पायरीशी उभ्या राहिलेल्या बहुजन माणसाला विलीनीकरण कशासाठी हवे होते? वेगळा गोवा म्हणजे पुन्हा भाटकारांचे आणि शिकलेल्या चार घराण्यांचे राज्य, ही त्याची भीती होती. महाराष्ट्रात कूळकायदा होता, बहुजनांच्या शाळा होत्या. तिकडे गेलो तर सुटू, असा त्याचा हिशेब. मग १९६३ मध्ये त्याच्यातलाच एक माणूस मुख्यमंत्री झाला. १९६४ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा आला. खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या सुटकेसाठी महाराष्ट्रात जायचे ती सुटका पणजीतच मिळू लागली. पणजीत आपले राज्य असताना मुंबईत जाऊन एक कोपऱ्यातला जिल्हा कशाला व्हायचे, असे त्यांतल्या काहींना तरी वाटले असणार. मला तर पुष्कळदा असे वाटते की भाऊसाहेबांच्या मागणीचा पराभव जितका सिक्वेरांनी केला तितकाच भाऊसाहेबांच्या कारभाराने केला.

त्यांच्या चुकाही होत्या. महाराष्ट्रातून अधिकारी आणि शिक्षक मोठ्या संख्येने आणले गेले आणि त्यांतल्या काहींचा तोरा गोवेकरांना खुपला. कारभार एकहाती होता. १९७० मध्ये त्यांच्याच पक्षातल्या आमदारांनी बंड केले आणि विरोधी पक्षातून फुटून आलेल्यांच्या आधाराने सरकार तगले, ही काही मिरवण्याची गोष्ट नव्हे. आणि सर्वांत मोठी चूक एकट्या भाऊसाहेबांची नव्हती, आपणा सर्वांची होती. कोंकणी ही मराठीची बोली, तिला कसली आली स्वतंत्र भाषा, असे आपले विद्वान उठता-बसता सांगत होते. समोरचा माणूस सांगतो की ही माझी आई, आणि आपण म्हणतो, नव्हे, ती तुझी मावशी आहे. या दिवाळी अंकाच्या वाचकांना हे कटू वाटेल. पण आपली भाषा कोणती हे दुसऱ्याने ठरवून दिले की कसे वाटते, ते सीमाभागातल्या मराठी माणसाइतके कोणाला ठाऊक असणार? गंमत अशी की विलीनीकरणाविरुद्धची धारदार मोहीम मराठीतूनच लढवली गेली. चंद्रकांत केणींच्या 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत. मराठी वाचणारा, मराठीत भजन म्हणणारा माणूस वेगळ्या गोव्याला मत देऊ शकतो, हे आपल्या कल्पनेत बसत नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दिलेला शब्द कोणाला दिलेला असतो? महाभारतात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. देवव्रताने राज्य आणि विवाह सोडण्याची प्रतिज्ञा केली ती सत्यवतीच्या बापाच्या समाधानासाठी, तिच्या होणाऱ्या मुलांसाठी. पुढे ती मुले निपुत्रिक वारली. वंश खुंटला. तेव्हा ज्या सत्यवतीसाठी प्रतिज्ञा झाली तीच भीष्मांना म्हणाली की आता ती सोड आणि कुळ राख. भीष्मांनी नकार दिला. वर्गात हा भाग सांगताना मुलांच्या डोळ्यांत भीष्मांविषयी आदर दिसतो आणि तो दिसावाच. पण वय वाढले तसे मला सत्यवतीचे वाटू लागले आहे. ज्याच्या भल्यासाठी शब्द दिला, तोच येऊन मोकळे करीत असताना शब्दाला धरून बसणे, हे सत्याला धरून बसणे की स्वतःच्या कीर्तीला? भीष्मांची प्रतिज्ञा टिकली. हस्तिनापूर टिकले नाही.

मला वाटते, भाऊसाहेबांनी लोकांना दिलेला शब्द "मी विलीनीकरण करून दाखवीन" एवढाच नव्हता. "तुमचे भले कशात आहे ते मी मांडीन आणि तुम्ही ठरवाल" हाही त्यात होता. ज्याने खुर्ची सोडून कौल मागितला त्याला पाकळी डावी पडल्यावर देवाशी भांडता येत नाही. देवळातला गुरव काही देवाचा कौल विरुद्ध गेला म्हणून पूजा टाकून जात नाही. अप्पा म्हणतील, गुरवाचे पोट त्यावर आहे. खरे आहे. इथेच माझे पाऊल अडते. ज्या त्यागात काही गमवावे लागत नाही त्याचा, आणि ज्या तत्त्वाने माणूस पुन्हा मुख्यमंत्री होतो त्या तत्त्वाचा, संशय घेतलाच पाहिजे. भाऊसाहेब लोकांसाठी राहिले की स्वतःसाठी, हे त्यांच्या मनात शिरून सांगता येणार नाही. एवढे मात्र पाहता येते की लोकांनी फूल नाकारले म्हणून त्यांनी लोकांवर राग धरला नाही. कूळ म्हणून ज्याने दोन पानांवर शिक्का मारला त्याच्याही गावात शाळा निघाली. माझी कसोटी ही आहे. हरल्यानंतर तो माणूस लोकांचे काम मनापासून करतो, की आपला पराभव लोकांकडून व्याजासह वसूल करतो?

इथे सीमाभागातला वाचक मला थांबवून विचारील की मग आपण काय भीष्म झालो आहोत? इतकी वर्षे एकच प्रतिज्ञा! त्याचे उत्तर अप्पांनीच मला दिले होते. १९६६ सालचा तो ऑक्टोबर आठवा. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर आपल्या प्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला. दोनच महिन्यांनी गोव्यासाठी जनमत कौलाचा कायदा झाला. त्यांना मतपेटी मिळाली, आपल्याला एक न्यायमूर्ती. १९६७ मध्ये महाजनांनी काही गावे तिकडे, काही गावे इकडे अशी वाटणी सुचवली आणि बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवले. महाराष्ट्राने ते मानले नाही आणि २००४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. अप्पा म्हणायचे, "गोव्याला विचारलं, ते नाही म्हणाले. आपल्याला कोणी विचारलंच नाही रे." सत्यवती येऊन मोकळे करील तेव्हा प्रतिज्ञेचा फेरविचार करायचा, इथे सत्यवतीला तोंडच उघडू दिलेले नाही. हा फरक मला मोठा वाटतो. भाऊसाहेबांवर रागावणाऱ्या अप्पांना खरे तर त्यांचा हेवा वाटत असावा, असे आता वाटते. हरायलासुद्धा आधी कोणीतरी विचारावे लागते.

तर ती पालकसभा.

आमची शाळा मराठी माध्यमाची. अप्पांच्या पिढीने वर्गणी काढून, रानातला दगड बैलगाडीने आणून बांधलेली. पट वर्षागणिक घसरत होता. संस्थेने ठरवले की आठवीपासून इंग्रजी माध्यमाची तुकडी काढायची आणि मराठीच्या दोन तुकड्यांची एक करायची. मी विरोध केला. म्हटले, आधी पालकांना विचारा. माझी खात्री होती. यांतले अर्धे पालक माझे विद्यार्थी, मोर्च्यांत मराठीच्या घोषणा देणारे, काळ्या दिनाला फेरीत चालणारे. मी अर्धा तास बोललो. मातृभाषेतून विषय कसा कळतो ते सांगितले, शाळेचा इतिहास सांगितला, घसा दाटून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग चिठ्ठ्या टाकल्या. चारांत तीन चिठ्ठ्या इंग्रजीच्या निघाल्या.

सभा संपल्यावर उद्यमबागेत फौंड्रीत काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी जवळ आला. हातावर वितळलेल्या लोखंडाचे डाग. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, रागावू नगासा. पोरगं तुमच्याच हाताखाली घालायचं हाय. पन इंग्लिशमधी." त्याच्या मागे आणखी चौघे होते. त्यांनी ऐकले होते की मी राजीनामा देणार. "तुम्ही गेला तर आमी पोरं घालायची कुणाच्या भरवशावर?" असे त्यांचे म्हणणे.

राजीनामा मी लिहिला होता, हे खरे. घरी आल्यावर पत्नी म्हणाली, "तुम्हांला शाळेचं दुःख झालंय की तुमचं भाषण वाया गेल्याचं?" इतक्या वर्षांच्या संसारात तिने विचारलेला हा सर्वांत गैरसोयीचा प्रश्न. मग सहल आली आणि मिरामारला त्या पोराने ते वाक्य टाकले. ह्यांचं ऐकलं नाही, पण ह्यांनाच ठेवून घेतलं.

मी राहिलो. अजून काही वर्षांची नोकरी आहे, नंतर पेन्शन आहे; अप्पांचा गुरवाच्या पोटाचा टोमणा मला लागू पडतो आणि मी तो नाकारीत नाही. मी पालकांशी सहमत झालो असेही नाही. सीमेचा कौल आज खरोखर घेतला तर काय निघेल, ही भीती त्या चिठ्ठ्या मोजताना मला प्रथमच वाटली आणि ती अजून गेलेली नाही. एवढेच ठरवले की नव्या तुकडीला सावत्र वागणूक द्यायची नाही. तिला गणिताचा चांगला शिक्षक मिळावा म्हणून मी संस्थेशी मराठीच्या तुकडीसाठी भांडलो असतो तितकाच भांडलो. आणि उरलेल्या एका मराठी तुकडीचे नागरिकशास्त्र मी स्वतःकडे घेतले.

गोव्यात काय झाले ते जाता जाता सांगतो. भाऊसाहेबांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर १९७३ ते १९७९ मुख्यमंत्री होत्या. १९८७ मध्ये कोंकणी राजभाषा झाली आणि त्याच वर्षी गोवा घटक राज्य झाले. पुढे १९९० मध्ये शिक्षणमंत्री असताना, सरकारी अनुदान भारतीय भाषांतल्या प्राथमिक शाळांनाच, असे धोरण शशिकलाताईंनी आणले. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी शाळांनाही अनुदान देऊ केले तेव्हा त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. त्यात शशिकलाताई होत्या आणि 'ब्रह्मास्त्र' सोडणारे उदय भेंब्रेही होते. फूल आणि दोन पाने चव्वेचाळीस वर्षांनी एका मांडवात आली. अप्पांना हे पाहायला मिळायला हवे होते. काय म्हणाले असते, कोण जाणे.

जूनमध्ये तो फौंड्रीतला विद्यार्थी मुलाला घेऊन प्रवेशासाठी आला. फॉर्म इंग्रजीत होता. त्याने एकेक अक्षर जुळवीत तो स्वतःच भरला. मातृभाषेच्या रकान्यात त्याने रोमन लिपीत 'मराठी' लिहिले होते आणि त्यातले एक अक्षर चुकले होते. मी पेनने ते दुरुस्त केले आणि खाली सही केली.